भिंत आधी मोज

प्रिय,

पदवी प्रदर्शनाची, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची कामं मांडायची, जबाबदारी तुझ्यावर आली आहे. नाव, लोगो, निमंत्रणपत्रिका यांवरच्या चर्चा सध्या बाजूला ठेव. आधी टेप घेऊन दालनाची प्रत्येक भिंत मोज. स्विचबोर्ड, खिडक्या, प्लग पॉइंट आणि हो, दाराची रुंदीही. मग १:२० प्रमाणात नकाशा काढ.

समज, ४० मीटर भिंत आहे आणि विद्यार्थी २५. म्हणजे प्रत्येकाला १६० सेंमी. दोन्ही बाजूंना श्वास घ्यायला १५-१५ सेंमी सोडले की उरतात १३०. त्यात ए१ आकाराची (५९.४ × ८४.१ सेंमी) दोन उभी पोस्टरं आणि मध्ये १० सेंमी फट बसते, तिसरं बसत नाही. हा आकडा पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर मांड. काय लावायचं नाही हे त्यामुळे आपोआप ठरायला लागतं. नाहीतर प्रत्येक जण चार वर्षांचं सगळं काम घेऊन येतो आणि भांडण भिंतीपाशी होतं. निवडीचा शेवटचा शब्द एकाच व्यक्तीकडे असू दे, पंधरा जणांच्या समितीकडे नको.

छपाईच्या सात दिवस आधी फाइल घेणं बंद कर. हे सात दिवस लागतातच. कुणी ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेला भाग) सोडलेला नसतो, कुणी वेबवरची ७२ डीपीआयची (दर इंचात ७२ ठिपके) चित्रं टाकलेली असतात. मीटरभरावरून पाहायच्या ए१ पोस्टरला १५० डीपीआय पुरतं, हातात घ्यायच्या पुस्तिकेला ३०० हवं. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेव. चार रंगांत छापला आणि नोंदणी (रंगांचे ठसे एकमेकांवर अचूक बसणं) केसभर सरकली की अक्षरांच्या कडा रंगीत दिसतात. मराठी मजकुराची तर वेगळी काळजी घे. फाँट पीडीएफमध्ये एम्बेड झाला नसेल, म्हणजे फाइलमध्येच साठवला गेला नसेल, तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. आउटलाइन करून दे, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, पण आउटलाइनआधीची फाइल जपून ठेव, कारण चूक नेमकी नावातच निघते. आपलं नाव ज्याने त्याने वाचून सही करावी.

स्क्रीनवरचा झगझगीत निळा-हिरवा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, मळतो. म्हणून सगळ्यांच्या कामातले अवघड रंग एका पट्टीवर घेऊन त्याच यंत्रावर, त्याच कागदावर चाचणी छाप. लॅमिनेशन मॅटच घे. ग्लॉसीवर स्पॉटलाइट पडला की पोस्टरऐवजी दिवाच दिसतो.

टांगताना मध्यरेषा जमिनीपासून १५० सेंमीवर धर. उभ्या ए१ची खालची कड मग १०८ सेंमीवर येते. आकार वेगवेगळे असले, तरी वरच्या कडा जुळवू नकोस, मध्य जुळव. दुहेरी टेप वापरणार असशील, तर एक फलक २४ तास आधी लावून बघ. डिस्टेंपरच्या भिंतीवर टेप रंगाची भुकटीच धरतो, भिंत धरत नाही, आणि फलक रात्रीतून खाली येतो.

पुस्तिकांच्या दोन प्रती ठेव, पहिलीचे कोपरे लवकर दुमडतात. व्हिडिओ इंटरनेटवरून चालवू नकोस. फाइल संगणकावर घे, लूप लाव, स्लीप आणि नोटिफिकेशन बंद कर.

कामं उतरवायची तारीख आणि भिंतीची भोकं कोण बुजवणार, हेही नकाशाच्या मागे आत्ताच लिहून ठेव. शेवटच्या संध्याकाळी विचारलंस, तर कुणीच सापडणार नाही.