ट्रम्पेट हाती घेणाऱ्या पोरीला

अगं, "बाईमाणसाच्या छातीत एवढा दम कुठला?" हे मिरवणुकीत कुणीतरी ऐकवणारच. १९८० साली म्युनिकच्या वाद्यवृंदात ॲबी कोनंट या बाईची ट्रोम्बोन या फुंकून वाजवायच्या पितळी वाद्यासाठी पडद्याआडून, म्हणजे वाजवणारं कोण ते न बघता, मुख्य जागेवर निवड झाली, पुढं तिला दुय्यम जागेवर उतरवलं. फुप्फुसांच्या तपासण्या देत ती वर्षानुवर्षं कोर्टात लढली आणि जिंकली.

तू आत्ता एवढंच कर:

- सकाळी रंकाळ्यावर वीस मिनिटं नुसते लांब सूर.
- माउथपीस ओठांवर दाबू नकोस, सगळ्यांची पहिली चूक हीच. ओठावर लाल गोल वळ उठला की थांब. गालही फुगवू नकोस.
- सुपारी घेतानाच नाव आणि बिदागी ठरव. मी तीन वर्षं "मास्तरांची बायको" म्हणूनच वाजवलं.

उंच सुरांच्या मागं इतक्यात लागू नकोस.