‘तो कसा आहे?’ इंग्रजीत विचारायचं कसं?

प्रश्न: ताई, नवीन बॉस कसे आहेत हे विचारायला ‘हाउ इज युअर न्यू बॉस’ म्हणायचं की ‘व्हॉट इज युअर न्यू बॉस लाइक’? ह्यात ‘लाइक’ कुठून आलं, आवडीनिवडी विचारतात का? आणि उत्तरात इज कधी, हॅज कधी?

उत्तर: खूप महत्त्वाचं विचारलंत, कारण मराठीत एका ‘कसा’वर सगळं भागतं आणि इंग्रजीत तसं चालत नाही. ‘हाउ इज ही’ म्हटलं की ऐकणारा बहुतेक वेळा तब्येत सांगतो, ‘ही इज फाइन’. स्वभाव विचारायचा तर ‘व्हॉट इज ही लाइक’, आणि दिसायला कसा तर ‘व्हॉट डझ ही लुक लाइक’. इथलं लाइक म्हणजे ‘आवडणं’ नाहीच, ते ‘सारखा’मधलं लाइक आहे. आवड विचारायची असली की इज जातं आणि डझ येतं, पण लुक नसतं, ‘व्हॉट डझ ही लाइक’, ह्या इज, डझ आणि लुककडे कान ठेवा म्हणजे गोंधळ होणार नाही.

उत्तर देताना मात्र ते लाइक सोडून द्यायचं हं, ‘शी इज काइंड’, बस. ‘शी इज लाइक काइंड’ असं नको, पोरं बोलताना मध्ये लाइक घालतात ते वेगळं. लुक्सचंही तसंच, पुढे नुसतं विशेषण असेल तर ‘ही लुक्स टायर्ड’, नाम असेल तर ‘ही लुक्स लाइक हिज फादर’.

आता इज-हॅज. माणूस स्वतः कसा आहे ते इज ने, ‘ही इज टॉल’, आणि त्याच्याकडे काय आहे ते हॅज ने, ‘ही हॅज अ बिअर्ड’, ‘शी हॅज ब्राउन आइज’. डोक्यावरचे केस मराठीत अनेक असले तरी इंग्रजीत हेअर एकवचनीच, म्हणून ‘हर हेअर इज लाँग’, आर नाही! उंचीला ‘हाउ टॉल इज शी’, रंगाला ‘व्हॉट कलर इज इट’.

दोनतीन विशेषणं एकदम आली तर त्यांचाही क्रम असतो, आधी आपलं मत, मग आकारमान, वय, रंग आणि शेवटी कशाचं बनलंय ते, म्हणून ‘अ ब्यूटिफुल ओल्ड वुडन टेबल’ बरोबर वाटतं आणि ‘वुडन ओल्ड ब्यूटिफुल टेबल’ कानाला खटकतं. पण हा क्रम घोकत बसू नका, खरंच, बोलताना एकावेळी दोन विशेषणं पुरतात.