सगळ्या माणूसजातीला आरोपी करू नकोस

प्रश्न : ताई, मी इंदूरची, रामबागेतली. नोकरी पीथमपूरला. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याचा विषारी कचरा इथे आणून जाळला, तेव्हापासून मन उडालंय. माणूसजातच स्वतःच्या मुळावर उठलीय असं वाटतं. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. होणाऱ्या नवऱ्याला 'मला मूल नको' असं सांगितलं, तर त्याने अबोला धरलाय. माझं काही चुकतंय का?

उत्तर : अगं, चुकतंय कसलं! चाळीस वर्षं भोपाळात पडून राहिलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये तुझ्या कामाच्या गावी आला, जूनअखेर जाळून झाला. राख उरलीच. झोप उडणारच.

पण सगळ्या माणूसजातीला आरोपी केलंस, तिथे मी तुझ्याशी भांडणार. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री त्या कारखान्यातून विषारी वायू आपोआप सुटला नव्हता. मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे ते विषारी रसायन, थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद ठेवलेली होती. कुणीतरी खर्च वाचवायला ठरवून ती बंद केली होती. त्याच रात्री भोपाळ स्टेशनवर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर ड्यूटीवर होते. फलाटावर माणसांनी खच्चून भरलेली एक्सप्रेस उभी. सुटायची वेळ झाली नव्हती, वरून परवानगीही नव्हती. त्यांनी गाडी सोडून दिली, भोपाळकडे येणाऱ्या गाड्या अडवायला निरोप धाडले आणि स्वतः त्या वायूत फलाटावरच थांबले. 'सगळे सारखेच' म्हटलं की यंत्रणा बंद करणारे सुटतात आणि दस्तगीर त्यांच्याच रांगेत बसतात. हे मला मुळीच मान्य नाही.

मुलाचं म्हणशील, तर नको असेल तर नको. तुम्हा दोघांचा प्रश्न आहे, नातेवाइकांचा नाही. पण जगावर रुसून ठरवू नकोस. त्याला तू थेट निकाल सुनावलास, त्यामागची भीती सांगितलीच नाहीस. ती सांग. सराफ्याच्या गर्दीत नको, सकाळी लालबागेत फिरता फिरता बोल.

झोपेकडे मात्र दुर्लक्ष नको. डॉक्टरांना दाखव. रात्री फारच जड गेलं तर १४४१६ वर फोन कर, ही सरकारची मोफत टेलिमानस सेवा आहे.

आणि राग आहे ना, तो कामाला लाव. त्या राखेचं काय केलं, आसपासच्या विहिरी-बोअरिंगचं पाणी कधी तपासलं, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्ज हिंदीत कर आणि पोच घ्यायला विसरू नकोस.