साडीच्या वेणीच्या पायपुसण्यांना दोरा कोणता घ्यावा आणि ती धुवावीत कशी?

तुम्ही लिहिलंय की जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्यांची वेणी घालून गोल पायपुसणं शिवलं आणि मशीनमध्ये पहिल्यांदा धुतल्यावर मधले टाके उसवले. साडीचा काही दोष नाही. शिलाईचा साधा दोरा एकेरी घातला असणार. सुती वेणी पाणी प्यायली की भलतीच जड होते आणि मशीन पिळायला लागलं की तो सगळा ताण त्या एका दोऱ्यावर येतो.

मी नाशिकला पंचवटीत राहते, गोधड्या आणि पायपुसणी दोन्ही शिवते. सुरुवातीला सगळ्यालाच सुती दोरा वापरायचे, कारण आई गोधडीला तोच घालायची. पण गोधडी वर्षातून एकदोनदा गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, नेऊन धुवायची आणि कडक उन्हात वाळायची. मोरीपुढचं पायपुसणं रोज ओलं. एका जुलैत ते उचललं तर खालून काळे ठिपके, आणि दोरा चिमटीत धरून जरा ओढला तर तुटून हातात आला. दमट राहिलेल्या सुताला बुरशी खाते. तेव्हापासून जिथे पाणी लागणार तिथे जाड पॉलिस्टर, तोही दुहेरी. गोधडीला मात्र मी आजही सुतीच घालते, मऊ जुन्या कापडाला तोच मानवतो.

तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, मजबूत असला तरी घेऊ नका. त्याची गाठ सुटते आणि तो कापड कापतो.

नाशिकच्या मेनरोडच्या बाजारात सुटी रिळं घेतलीत तर घरी तुकडा जाळून बघा. सूत असेल तर जळक्या कागदासारखा वास येतो आणि राख चुरडली जाते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

शिवताना सुई कापडात खुपसू नका. बोथट सुईने शेजारच्या दोन वेण्यांच्या पेडांमधून दोरा काढा. आणि फार आवळू नका, नाहीतर मध्ये फुगून वाटी होते.

पट्ट्या फाडण्याआधी साडी एकदा धुवून घ्याच. जे आटायचं ते तेव्हाच आटतं. लाल, मरून, काळ्या रंगांवर ओला पांढरा रुमाल दाबून बघा. रंग लागला तर ती पट्टी फिक्या पट्ट्यांबरोबर वेणीत नको. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होईल या भरवशावर राहू नका.

धुताना साधं गार पाणी, थोडी पावडर, हाताने दाबून धुवा. ब्लीच नको, पिळायचंही नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून वर पाय देऊन उभं राहा, बरंच पाणी निघतं. दोरीवर टांगलं तर ओल्या वजनाने लांबुळकं होतं, म्हणून खाटेवर किंवा जाळीवर आडवं पसरा आणि दुपारी उलटा. पावसाळ्यात दोन पायपुसणी आलटून पालटून वापरा आणि एक पूर्ण वाळल्याशिवाय खाली टाकू नका.

तुमचं उसवलेलं पायपुसणं टाकू नका. वेणी धड असेल तर कडकडीत वाळवा, जुना दोरा सगळा काढा आणि मधल्या फेरीपासून पुन्हा टाके घाला. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत टाके जवळजवळ घ्या, वळण तिथेच सगळ्यात घट्ट असतं.