जिन्सेई गेम: जपानी येत नसताना घ्यावा का?

तुमचे प्रश्न दोन. 'जिन्सेई गेम' म्हणजे अमेरिकन 'गेम ऑफ लाइफ' या पटावरच्या खेळाची जपानी नक्कल आहे का, आणि जपानीचा गंध नसताना त्याच्या जुन्या सुपर फॅमिकॉम (निन्टेंडोचं टीव्हीला जोडायचं जपानी गेम-यंत्र) कॅसेटवर पैसे घालवावेत का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. एकट्यानं खेळणार असाल तर नको. घरात तीन-चार टाळकी जमत असतील आणि त्यातल्या एकाला हिरागाना-काताकाना ही जपानी अक्षरं वाचता येत असतील, तर डोळे झाकून घ्या.

आता पहिला प्रश्न. नक्कल नाही, रीतसर परवाना घेऊन आणलेला खेळ आहे. मिल्टन ब्रॅडली कंपनीनं १९६० मध्ये काढलेला पट ताकारा या जपानी खेळणी-कंपनीनं १९६८ साली जपानात आणला. 'जिन्सेई' म्हणजे आयुष्य. सोंगटीच्या जागी चिमुकली मोटार, तिच्यात खोचायच्या निळ्या-गुलाबी खुंट्या. लग्नाच्या घरावर आलात की शेजारी दुसरी खुंटी बसते, मुलं झाली की मागची भोकं भरत जातात. फासा नाहीच, १ ते १० आकड्यांची चकती फिरवायची. पैसे संपले तर बँकेकडून 'याकुसोकु तेगाता' घ्यायची, म्हणजे वचनचिठ्ठी, आणि ती शेवटी व्याजासकट फेडायची. ज्याला जिंकण्याची आशाच उरली नाही, तो अखेरीस सगळं एका आकड्यावर लावू शकतो. दान पडलं तर कोट्यधीश, नाही तर थेट 'बिंबो नोजो', कंगालांचं शेत.

हा परदेशी पट जपानात एवढा रुजला, कारण खाली जमीन तयार होती. त्यांच्याकडे 'सुगोरोकु' म्हणजे फासे टाकून घरं चढत जायचे चित्रांचे पट शतकानुशतकं चालत आले आहेत. त्यातला 'जोदो सुगोरोकु' तर आपल्या मोक्षपटाचा सख्खा चुलतभाऊ. त्याच्या फाशावर आकडे नसत, 'ना-मु-बुन-शिन-शो-बुत्सु' अशी सहा अक्षरं असत. त्यातलं 'नामु' म्हणजे आपलं 'नमो'. खेळ सुरू होतो जंबुद्वीपातून (संकल्प सोडताना म्हणतो तेच ते) आणि पोहोचायचं बुद्धाच्या शुद्ध भूमीत. वाटेत नरकाची घरं, आणि त्यात एक असं की तिथे पडलेला खेळाडू परत वर येतच नाही. आपला साप निदान खाली सोडून तरी देतो! पुढे याच पटावर मोक्षाऐवजी नोकरीतल्या बढतीची घरं असलेले सुगोरोकु निघाले. जपानी माणसाला आयुष्य पटावर मांडलेलं बघायची सवय होती. ताकारानं त्याला फक्त मोटार दिली.

कॅसेटकडे येतो. 'सुपर जिन्सेई गेम' १९९४ चा, ताकाराचाच. नोटा मोजायच्या नाहीत, खुंट्या सोफ्याखाली हरवायच्या नाहीत, बँकर होऊन गुपचूप हात मारणारा थोरला भाऊही नाही. हिशेब यंत्र करतं. पण चकती बोटानं फिरवण्यातली मजा बटणाला येत नाही, हे माझं स्पष्ट मत.

लक्षात ठेवा, ही शर्यत नाही. पहिला पोहोचलेला जिंकत नाही, शेवटी ज्याच्याकडे सर्वांत जास्त पैसे तो जिंकतो. म्हणून खरी गंमत मधल्या प्रसंगांत आहे, आणि ते सगळे मजकुरात आहेत. पुण्यात जपानीच्या दोन परीक्षा दिल्या तेवढ्या पुंजीवर आमच्याकडे मजकूर वाचून दाखवायचं काम माझं असतं. मागच्या दिवाळीत मामेबहीण 'शिकाएशी'च्या घरावर आली. शिकाएशी म्हणजे सूड: कुणाचे तरी पैसे घ्या किंवा त्याला मागे ढकला. मी अर्थ सांगेपर्यंत सगळे गप्प. सांगितल्यावर ती शांतपणे आपल्या नवऱ्याकडे वळली आणि म्हणाली, "गणपतीत तू ऑफिसला गेला होतास ना?" त्याची गाडी गेली मागे. मजकूर कळला नसता तर पडद्यावर नुसती एक मोटार सरकली असती.

सगळं वाचायची गरज नाही. 'क्युर्योबी' पगाराचा दिवस, 'केक्कोन' लग्न, 'काजी' आग, 'शिकाएशी' सूड. एवढे शब्द डोळ्यांत बसवा, बाकीच्याला फोनचा कॅमेरा धरा. जुन्या जाड ठिपक्यांच्या अक्षरांवर तो अधूनमधून काहीतरी अचाट भाषांतर करतो, त्याचंही हसू होतं.

मला विचाराल तर जिन्सेई गेमच्या आधी टायटो या गेम-कंपनीचा 'बाकुशो!! जिन्सेई गेकिजो' बघा, फॅमिकॉमवरचा (सुपर फॅमिकॉमच्या आधीचं यंत्र), १९८९ चा. तो ताकाराचा नाही, पण त्याच कुळातला. इथे आयुष्य बालपणापासून सुरू होतं, वाटेत कमावलेल्या गुणांवर पुढची नोकरी ठरते. त्यामुळे नुसत्या दानावर सगळं अवलंबून राहत नाही. पुढच्या भागांत जपानचा जुना एदो काळ आहे, पगारी नोकरदाराची फजिती आहे. 'मोमोतारो देनतेत्सु'शी मात्र गल्लत करू नका. तो रेल्वे कंपनीचा खेळ. त्यातला बिंबोगामी, म्हणजे मुक्कामापासून सर्वांत लांब राहिलेल्याच्या मानगुटीवर बसणारी साडेसाती, भारी आहे, पण ते आयुष्य नव्हे.

घेताना दोन गोष्टी बघा. सुपर फॅमिकॉमची कॅसेट युरोपीय सुपर निन्टेंडोवर (त्याच यंत्राचं परदेशी रूप) चालत नाही. अमेरिकनवर चालते, पण आतल्या प्लास्टिकच्या दोन दांड्या काढाव्या लागतात. आणि जपानी यंत्र आणलंत तर त्याचा अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये तो सरळ घालू नका. मी घातला होता. जळका वास दोन दिवस खोलीत होता, आणि आईनं अजून तो विषय सोडलेला नाही.