थैलीतली दोन वजनं

इंदूर
रविवार, संध्याकाळ

चि. बेटा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज सकाळीच वाचला, पण असल्या गोष्टीचं उत्तर मला अंगठ्याने देता येत नाही. उपासनेहून आलो, जेवलो, जरा पडलो आणि आता कागद घेऊन बसलोय. तू तीन गोष्टी विचारल्यास: दुकानातल्या कच्च्या बिलांचं काय करू, वहिनीशी पटत नाही त्याचं काय करू, आणि रोज मोबाइलवर 'आजचं वचन' वाचून आपल्यात काही फरक का पडत नाही. शेवटचं आधी घेतो, ते सोपं आहे.

रोजचं एक वचन म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा जिरावन मसाला. छान लागतो, पण खाली पोहे तर हवेत! बायबलातल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकाचे अध्याय ३१. जी तारीख तो अध्याय, दहा मिनिटांत वाचून होतो. वडिलांनी लावलेली सवय, अजून सुटलेली नाही. वाचशील तर तुझ्या लक्षात येईल की हे पुस्तक देवळापेक्षा बाजारात जास्त वावरतं. गिऱ्हाईक 'माल वाईट आहे, वाईट आहे' म्हणत भाव पाडतं आणि घरी जाऊन फुशारकी मारतं (२०:१४). लिहिणाऱ्याने आपल्या इंदूरचा घाऊक बाजार, सियागंज, पाहिला नव्हता हे मला खरंच वाटत नाही. आणि भल्या पहाटे मोठ्याने दिलेला आशीर्वाद शापासारखा लागतो, हेही त्यात आहे (२७:१४). साडेपाचला ग्रुपवर गुलाबाचे फोटो टाकणाऱ्या आपल्या मंडळींना ते कोणी दाखवायचं, हा प्रश्नच आहे.

आता बिलांचं. आधी एक फरक नीट समजून घे. माल काढताना लिहिलेली चिठ्ठी म्हणजे पाप नाही. भाव ठरेपर्यंत, पोती मोजून होईपर्यंत सगळीकडे कच्चंच लिहितात. पण ज्या कच्च्याचं पक्कं कधी होणारच नाही, जीएसटी भरायचा नाही म्हणून ज्याचं वेगळं पुस्तक गल्ल्याखाली ठेवतात, ते वेगळं. तुझ्या लिहिण्यावरून तुझ्याकडे दिलंय ते दुसरंच पुस्तक दिसतंय.

बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, २५ व्या अध्यायात एक आज्ञा आहे: थैलीत दोन प्रकारची वजनं ठेवू नका, एक मोठं आणि एक लहान. मूळ इब्रीत (हिब्रू भाषेत) तिथे 'दगड आणि दगड' असं आहे, कारण त्या काळी वजनं दगडाचीच असत. घेताना जड दगड, देताना हलका. ओळखणार कोण? दोन्ही एकाच थैलीत. पंडिता रमाबाईंनी बायबल मराठीत आणण्यासाठी इब्री आणि ग्रीक शिकून घेतलं होतं. हा 'दगड आणि दगड' त्यांच्या टेबलावर आला असेल तेव्हा त्या थोडं थांबल्या असतील, असं मला उगाच वाटतं. तुझ्यासमोरची दोन बिलबुकं म्हणजे तेच दोन दगड, बेटा. फक्त कार्बन घातलेले.

मी हे उंच जागेवरून सांगत नाहीये. चाळीस वर्षांपूर्वी मी छावणीच्या धान्यमंडीत एका अडत्याकडे मुनीम होतो. सोयाबीनचा हंगाम. वजन झालं की पोत्याचा कडता, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, कापायचा. रिकामं पोतं किलोच्या आतच भरतं, पण आमच्याकडे कडता दोन किलो. ठरलेलंच होतं, मी फक्त लिहायचो. दिवसाला दोनशे पोती आली की दोन क्विंटलच्या वर सोयाबीन कोणी न पेरता, न कापता गोदामात जमा. शेतकरी बघायचे आणि गप्प बसायचे.

एकदा देपालपूरकडचा एक म्हातारा आला. माल ओतून झाल्यावर त्याने स्वतःचं रिकामं पोतं दोन-तीनदा झटकलं, चौघडी घातली आणि काट्यावर ठेवलं. मला म्हणाला, "मुनीमजी, इसको भी तोल दो." काटा आठशे ग्रॅमवर थांबला. तो काही बोलला नाही. मी लिहिलेल्या दोन किलोंकडे त्याने बघितलं, मग माझ्याकडे, पोतं काखेत मारलं आणि पैसे मोजून निघून गेला. तो भांडला असता तर मी त्याच दिवशी विसरलो असतो.

त्याच रविवारी संडे स्कूलला पोरांचं सुवर्णवचन काय असावं? खोटी तागडी परमेश्वराला वीट आणते (नीतिसूत्रे ११:१). पंधरा पोरं माझ्यापुढे तालावर म्हणत होती आणि मी खडूने फळ्यावर लिहीत होतो.

येशू घरी आला तेव्हा जक्कय या जकातदाराने फसवलेल्यांना चौपट परत द्यायचं कबूल केलं. मी नाही केलं. म्हाताऱ्याचा पत्ता काढता आला असता, वहीत गाव होतं. पुढच्या आठवड्यात मालकाला म्हटलं, कडत्याचं दुसऱ्याला द्या. त्याने मला वसुलीच्या खात्यावर टाकलं आणि कडता दुसऱ्याच्या अक्षरात चालू राहिला. तेवढंच माझं शौर्य.

म्हणून तुला राजीनामा फेक असं सांगणार नाही, आणि सेठजींपुढे वचनं म्हण असं तर मुळीच नाही. बाबेलच्या राजाच्या दरबारात नेलेल्या दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय वाच. राजाच्या ताटातलं खायचं नाही असं त्याने मनाशी पक्कं केलं, पण उपोषणाला बसला नाही. अधिकाऱ्याला विनंती केली, त्याची अडचण ऐकून घेतली आणि दहा दिवस करून बघा म्हणाला. तूही दुपारी गर्दी ओसरली की एकटी जाऊन सांग, की हे पुस्तक माझ्या हातून लिहवणार नाही. स्टॉक, उधारी, रिटर्नची तयारी मी करते, दोन महिने बघा. ऐकलं तर उत्तम. नाही ऐकलं तर दुसरीकडे बघायला लाग, पण पगार हातात असताना. आणि एक व्यवहाराची गोष्ट: तपासणी आली की सेठजी 'मला माहीत नाही' म्हणू शकतात, पुस्तकात अक्षर तुझं असतं.

लेवीय १९:३६ मध्ये खरी तागडी, खरी वजनं ठेवा म्हटल्यावर देव लगेच आठवण करून देतो, की मीच तुम्हाला मिसरातल्या गुलामीतून बाहेर काढलं. तागडीशी मिसरचा काय संबंध, असं मला बरीच वर्षं वाटायचं. पुढे कळलं, ज्यांची मेहनत दुसऱ्याने फुकट लाटली होती त्यांनाच तो हे सांगतोय. आपल्या आजोबा-पणजोबांचं आठव.

वहिनीचं थोडक्यात. तू तिच्याबद्दल दीड पान लिहिलंस. ती उशिरा उठते म्हणजे आळशी, तू उशिरा उठतेस तेव्हा रात्री हिशेब करत बसलेली असतेस. तिने डबा भरला नाही म्हणजे मुद्दाम, तू गॅस पुसला नाहीस म्हणजे विसरलीस. पोरी, ही थैली कोणाची? नीतिसूत्रे २६ मधलं मूर्खाचं वचन तू तिला स्टेटसवर लावलंस, तेही मला दिसलं. त्या अध्यायात ४ थं वचन म्हणतं मूर्खाला उत्तर देऊ नको, आणि ५ वं म्हणतं दे. कधी काय करायचं ते वेळ पाहून ठरवावं लागतं. शिवाय यात मूर्ख कोण हे वचनात लिहिलेलं नाही.

मत्तयाच्या ५ व्या अध्यायात अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय. पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे. तुझ्या हातात सहा दिवस आहेत.

सेठजींशी बोलणं झालं की फोन कर, काही झालं तरी कर. काकू विचारत होती.

तुझा,
काका

ता. क. वहिनीला वचन पाठवू नकोस. दुकानातून घरी जाताना पाव किलो गरम जिलबी ने, आणि हलवाई तोलत असताना डब्याचं वजन वजा करतो का तेवढं बघ.