'यमुनापर्यटन' म्हणजे कोणाचं पर्यटन?

एका वाचकाने विचारलं आहे: "मराठीतली पहिली कादंबरी म्हणून 'यमुनापर्यटन'चं नाव घेतात. यमुनाकाठच्या प्रवासवर्णनाला कादंबरी कसं म्हणायचं?"

इथली यमुना नदी नाही, बाई आहे. घोटाळा समासाने केला आहे. 'गंगापूजन' म्हटलं की पूजा गंगेची होते आणि करणारे आपण असतो. 'गंगावतरण' म्हटलं की उतरते ती गंगाच. विग्रह दोन्हीकडे 'गंगेचे' असाच, पण पहिल्यात गंगा कर्म आहे, दुसऱ्यात कर्ता. 'यमुनापर्यटन' दुसऱ्या जातीचा समास: यमुनेने केलेलं पर्यटन.

'पर्यटन' शब्दावर आज हॉटेल, बस आणि महामंडळाचा रंग चढला आहे. मुळात तो परि + अटन, म्हणजे चहूकडे फिरणं. भिक्षाटन, तीर्थाटन, 'केल्याने देशाटन'मधलं देशाटन, सगळीकडे हेच अटन. यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते आणि जागोजागी विधवांचे हाल पाहते. पुढे ती स्वतःच विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते.

लेखक बाबा पदमनजी बेळगावचे. त्यांनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ साली ही कादंबरी आली. आदल्याच वर्षी विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली होती, पण घरोघरी केशवपन चालूच होतं. लिहिण्यामागची कळकळ पुस्तकाच्या उपशीर्षकातच आहे: 'हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण'. हे 'निरूपण' मला फार मोलाचं वाटतं. धर्म बदललेल्या या माणसाने कीर्तनकाराचा शब्द टाकला नाही, तो विधवांच्या दुःखासाठी वापरला. पुढे त्यांनी 'शब्दरत्नावली' हा कोशही केला. शब्द पारखून घेणारा माणूस होता.

आता हे नाव आणखी एका नावाशेजारी ठेवून पाहा. 'यमुनापर्यटन'च्या आधी, १८४१ साली, हरि केशवजींनी जॉन बनियनच्या इंग्रजी रूपककथेचं मराठी भाषांतर केलं होतं. मराठी नाव 'यात्रिकक्रमण'. 'मार्गक्रमण'मधलंच हे क्रमण, एकेक पाऊल पुढे टाकत जाणं. बनियनचा यात्रेकरू नाशाच्या नगरातून निघतो, त्याला स्वर्गीय नगरी गाठायची असते, म्हणून त्याला 'क्रमण' शोभतं. यमुनेला कुठे पोचायचं नाही, तिला चारी बाजूंना पाहायचं आहे. तिथे 'परि'च हवा.

म्हणून माझा आग्रह आहे की हे नाव जोडून लिहावं. 'यमुना पर्यटन' असं तोडून लिहिलं की डोळ्यांपुढे नदीकाठच्या सहलीची जाहिरात उभी राहते आणि यमुना दिसेनाशी होते.